आठ दिवसांचा मालक

उंटरबाख,
वल्हांडण संपल्यानंतरचा दुसरा मंगळवार

प्रिय कॉपल,

हिर्श फेरीवाला उद्या फ्यूर्थला निघतो आहे. त्याच्या सुया-दोऱ्यांच्या पेटीत हे पत्र ठेवते आहे. त्याला बजावून सांगितलंय, वाटेत कुणाच्या ओसरीवर गप्पा हाणत बसू नकोस, आधी माझ्या भावाचं दार ठोठाव आणि मग काय विकायचं ते विक. लिनहार्ड या आठवड्यात कधीही तिकडे पोचेल. तो तुझ्यासमोर उभा राहायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडलं पाहिजे. का, ते सांगते. पण तू आपल्या बहिणीला ओळखतोस. नको ते सगळं मी घडाघडा बोलते आणि जे बोलायचं ते घशाशी अडकून बसतं. आज तर लिहायला बसल्यापासून इतकी लाज वाटते आहे, की दोनदा दिवा नीट करायच्या निमित्तानं उठून आले.

एडलचं बाळंतपण सुखरूप झाल्याचं हिर्शकडूनच कळलं. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या त्या विद्वान मित्रमंडळींत मुलगा झाल्याची मेजवानी मोठी असते, मला ठाऊक आहे, पण घरात हसणारं कुणीतरी असलं की बास. एडलला म्हणावं, दूध कमी पडत असेल तर लपवू नकोस, लगेच दुसरी व्यवस्था बघ. या वर्षी पोरांच्या पोटाशी खेळ नको. आपली गाय अजून उभी आहे, पण बरगड्या मोजता येतात. छपराचा कोपरा मी शाकारून घेतला. जिथून गेल्या पावसात कोठारात पाणी गळलं होतं, तोच. आता शाकारून काय उपयोग म्हणा. कोठार रिकामं आहे. हो, रिकामं. तुझा वाटाही त्यातच गेला. रागावू नकोस, निदान पत्र संपेपर्यंत तरी नको.

लिनहार्डच्या बापाचं ते पिंप तुला आठवतं का रे? तुम्ही दोघांनी मिळून उतारावरून सोडलं होतं आणि ते थेट ओढ्यात जाऊन फुटलं होतं. म्हातारा काठी घेऊन आला तेव्हा लिनहार्डनं बेधडक सांगितलं, कुत्र्यानं ढकललं. म्हाताऱ्याचा विश्वासही बसत चालला होता, कारण ते कुत्रं होतंच तसलं. आणि तू पुढे होऊन म्हणालास, नाही काका, आम्ही ढकललं, कुत्रं झोपलं होतं. दोघांनाही सारखाच मार बसला. लिनहार्ड महिनाभर तुझ्याशी बोलला नाही, पण त्यानंतर गावात कुठेही वाद झाला की तोच म्हणायचा, कॉपलला विचारा, कॉपलला खोटं बोलता येत नाही, त्याच्यात तो अवयवच नाही. अजूनही म्हणतो. गेल्याच आठवड्यात म्हणाला. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आपलं अंगण आणि त्यांचं अंगण एक, विहीर एक, पायरी एक. शनिवारी, शब्बाथला, आपल्याला विस्तव पेटवता येत नाही, म्हणून त्याच्या आईनं आपल्या आईची चूल पेटवली, आणि ती गेल्यावर त्याच्या बायकोनं, उर्सलनं, माझी. मी विधवा झाले त्या हिवाळ्यात सगळे आठवडाभर येऊन रडून गेले. उर्सल मात्र प्रत्येक शब्बाथला येत राहिली. निखारे सारखे करायची, माझ्याकडे न बघता "थंडी आहे हो आज" म्हणायची आणि जायची. बदल्यात आपण काय द्यायचो? वल्हांडणात एक बेखमीर भाकरी. ती ते लोक दारावर टांगतात, वीज पडू नये म्हणून. मी हसायचे. म्हणायचे, उर्सल, वीज टळेल की नाही माहीत नाही, उंदीर मात्र नक्की येतील.

आणि लिनहार्डला आपण दरवर्षी काय करायचो ते मी तुला काय सांगू! तूच करायचास. वल्हांडणात यहुद्याच्या घरी खमीर असता कामा नये, आणि ओल लागून फुगलेलं धान्यही आपल्या लेखी खमीरच. म्हणून सणाआधी तू फ्यूर्थहून यायचास आणि सगळं कोठार लिनहार्डला विकायचास, हातावर हात मारून, किल्ली त्याच्या मुठीत देऊन, सगळ्या गल्लीसमोर. सण संपला की परत विकत घ्यायचं. लिनहार्ड दरवर्षी ती किल्ली गळ्यात घालून अंगणात मिरवायचा. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, आठ दिवसांचा मालक येतोय! फ्रोमेट, माझ्या कोठारासमोर झाडलंस का?" आणि मी म्हणायचे, झाडते हो मालक, तुमचे जोडे तेवढे बाहेर काढा. आपण सगळे हसायचो. तूही हसायचास, कॉपल. त्या हसण्याबद्दल मला पुढे तुला काही विचारायचंय, म्हणून आत्ताच आठवण करून ठेवते.

या वर्षी तू आलास तेव्हा लिनहार्ड हसला नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या आलं होतं. पण मी म्हटलं, उपासाचे दिवस आहेत त्यांचे, मरगळला असेल. उपास कसला, सगळं वर्षच उपाशी होतं. धान्य नाही म्हणून सरकारनं दारू गाळायला बंदी केली, दारू नाही म्हणून पिंपं नकोत, आणि पिंपं नकोत म्हणून लिनहार्डच्या हाताला काम नाही. उर्सल कोंड्यात ओकच्या बियांचं पीठ मिसळून भाकरी करायची. मी थंडीत एकदा अर्धं पोतं गहू तिच्या दारात नेऊन ठेवलं, तर संध्याकाळी लिनहार्ड ते परत घेऊन आला. "फ्रोमेट, पिंप दुरुस्त करायचं असेल तर सांग, त्याचे गहू घेतो. असं दारात ठेवलेलं आम्ही घेत नाही." दुरुस्त करायला माझ्याकडे पिंपच नव्हतं. एखादं मुद्दाम फोडायला हवं होतं, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसती चिडले होते.

आणि आपलं धान्य का विकलं नाही मी सगळं तेव्हाच? तूच लिहिलं होतंस, सण होऊन जाऊ दे, मग भाव आणखी चढेल, तोवर हात लावू नकोस. दोष तुझ्यावर ढकलत नाहीये. मलाही ते पटलंच होतं. थोडं थोडं विकत होते, गावात लोक तोंडावर "फ्रोमेटबाई" म्हणायचे आणि पाठ फिरली की काय म्हणायचे ते तू कल्पना कर. बाकीचं कोठार भरलेलं होतं. त्या भरल्या कोठारावर तू लिनहार्डच्या हातावर हात मारलास आणि सणासाठी घरी गेलास.

या वर्षी दोन्ही सण एकावर एक आले. आपली वल्हांडणाची पहिली रात्र आणि त्यांचा येशूच्या मरणाचा शुक्रवार एकाच दिवशी. त्या शुक्रवारी ते लोक चर्चमधून आपल्यावर तापूनच बाहेर पडतात, म्हणून आपण खिडक्या उघडत नाही, आईनं शिकवलंच आहे. मी आत मेज मांडत होते. दुपारी चर्च सुटल्यावर अंगणात पावलं वाजली, बरीच. फटीतून बघितलं, तर डॉर्न लोहार आणि त्याच्या मागे पंधरावीस माणसं, रिकाम्या पिशव्या घेऊन. कोठाराच्या दाराशी लिनहार्ड बसला होता. डॉर्न त्याला म्हणाला, "काय रे, परवा कॉपलनं तुझ्या हातावर हात मारला, आम्ही सगळ्यांनी बघितला. विकलं म्हणाला ना? मग मालक कोण? तू! उघड की कुलूप."

लिनहार्ड उठलासुद्धा नाही. म्हणाला, "उघडायचं असतं तर तुझी वाट बघत बसलो असतो होय? अरे, ती त्यांची रीत आहे. आठ दिवस सांभाळायला दिलंय. उद्या तू गावाला गेलास आणि बायको माझ्याकडे सांभाळायला ठेवलीस, तर ती काय माझी झाली?" कुणीतरी फिसकन हसलं. डॉर्न म्हणाला, "माझी बायको तू आठ दिवस सांभाळून दाखवच, मग मीच तुला पोतंभर गहू देईन." मग सगळेच हसले, आणि कुरकुरत पांगले. लिनहार्ड तिथंच बसून राहिला.

मी फटीआडून हे सगळं ऐकत होते. आणि कॉपल, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी देवाचे आभार मानले, असा शेजारी दिलास म्हणून. ते धान्य त्याचं होतं. तू विकलं होतंस, मी साक्षीला उभी होते. त्या संध्याकाळी मेजावर बसून मी देवासमोर मनापासून म्हणणार होते, की माझ्या घरात, माझ्या मालकीचं, खमीर नाही. आणि दुपारी एक माणूस सगळ्या गावासमोर म्हणत होता की ते माझंच आहे, आणि मी खिडकी उघडून "अरे वेड्या, ते तुझं आहे!" असं ओरडायचं सोडून आनंदानं डोळे पुसत होते. मग रात्र झाली, मी दिवे लावले, आणि भुकेल्यांना आत बोलावण्याचे ते नेहमीचे शब्द म्हटले, दाराला आतून आडणा घालून.

त्या दिवसापासून लिनहार्ड रात्रीचा कोठारातच निजायला लागला. हे मला सांगितलं आग्नेसनं. त्याची धाकटी, चार वर्षांची. तुझ्या टोपीत मांजरीचं पिल्लू ठेवलं होतं, ती. सणाच्या मधल्या दिवसांत ती पायरीवर बसलेली दिसली. पूर्वी पायरीवर बसायची म्हणजे उड्या मारायची, आता खरंच बसायची. मी तिला बेखमीर भाकरी दिली. या दिवसांत माझ्या घरात तेवढंच होतं आणि तेही बेताचंच, पण आणखी देता आली असती. तिनं ती दोन्ही हातांत धरून कडेकडेनं खाल्ली. मग म्हणाली, "फ्रोमेटमावशी, बाबा तुमच्या कोठारात झोपतो. तिथं खूप छान वास येतो. मला नेत नाही पण." मी विचारलं, का ग नेत नाही? म्हणाली, "तो म्हणतो, वासानं भूक लागते."

मी हसले, कॉपल. लहान मूल काहीतरी गमतीदार बोललं की आपण हसतो ना, तशी. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेले.

दोन दिवसांनी आग्नेससाठी चर्चची घंटा वाजली. सगळे म्हणाले, ताप. मीही म्हटलं, ताप. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. उर्सलनं माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मला वाटलं, दुःखानं तिला काही सुचत नाहीये. सणाचा शेवटचा दिवस शब्बाथ होता. उर्सल चूल पेटवायला आली नाही. मी गारठून बसले आणि मनात म्हणाले, बिचारी. बास, एवढंच माझ्या मनात आलं.

सण संपला त्या संध्याकाळी मी कोठार परत घ्यायला त्यांच्याकडे गेले. तू नसल्यामुळे मीच. लिनहार्डनं फडक्यात गुंडाळलेली किल्ली काढून पुढे केली. डोळे खोल गेले होते, पण ताठ उभा होता. म्हणाला, "मोजून घे फ्रोमेट. एक दाणा कमी निघणार नाही." त्याला त्याचा अभिमान होता. पोर गेली होती आणि जगात एवढी एकच गोष्ट त्यानं नीट केली होती, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी हात पुढे केला, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली उर्सल बोलली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "तिच्या अंगात ताप नव्हता फ्रोमेट. तापायला तरी अंगात काही असावं लागतं. मी ह्याच्याकडे एक ओंजळ मागितली. एकच ओंजळ, लापशीपुरती. हा म्हणाला, विश्वासानं ठेवलंय, सण होऊ दे, मग फ्रोमेटकडे रीतसर मागू." मग ती नवऱ्याकडे वळली. "मागितलंस का रीतसर? माग की आता."

माझा हात तसाच राहिला. मी किल्ली घेतली नाही. काय बोलले तेही आठवत नाही, काहीतरी पुटपुटत बाहेर आले. अंगणातून चालताना कोठाराकडे बघवेना. त्याच्याजवळून जाताना मलाही तो वास आला, आग्नेस म्हणाली होती तो. पिठाचा, गोडसर, दमट. इतकी वर्षं तिथं राहून मला तो कधी आला नव्हता.

रात्रभर मी ठरवत होते, की सकाळी जाऊन सांगायचं, लिनहार्ड, मी हे परत घेत नाही, ते तुझं आहे, ठेव. उर्सलच्या उरलेल्या दोन मुलांना तरी पोटभर मिळेल. मला वाटत होतं, हा मोठा त्याग आहे माझा. सकाळ झाली आणि मी विहिरीवर पोचते न पोचते तो लिनहार्डच समोर आला. म्हणाला, "फ्रोमेट, मला खरं सांग. डॉर्ननं तुमच्या पोथ्या वाचणाऱ्या म्हाताऱ्या मेंडलला विचारलं. मेंडल म्हणाला, तुमच्या शास्त्राप्रमाणे ते धान्य त्या आठ दिवसांत खरोखर माझं होतं. मी खाल्लं असतं, वाटलं असतं, जाळून टाकलं असतं, तरी तुम्ही मला काही म्हणू शकला नसता. खरं आहे का हे?"

आता कळलं तुला? मी त्याला "ते तुझं होतं" असं सांगायला निघाले होते. उदार होऊन! ते सांगितलं असतं तर त्या माणसाला कळलं असतं, की तो आठ रात्री स्वतःच्या धान्यावर पहारा देत झोपला आणि पलीकडे त्याची पोर उपाशी गेली. मग त्यानं कुठं जायचं होतं? मी त्याच्या हातांकडे बघितलं. पिंपाला कडी ठोकताना ज्या माणसाचा हात कधी चुकला नाही, त्याचे हात.

मी म्हणाले, "मेंडलचं वय झालंय. त्याला काय कळतंय! लिनहार्ड, ते एक घटकाही तुझं नव्हतं. विकल्यासारखं करतो आम्ही. देवाला दाखवायला. तू हात लावला असतास तर मी सगळं गाव गोळा केलं असतं, तुला चोर म्हणून शिपायांच्या हवाली केलं असतं."

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मग मी केलं ते बरोबरच केलं." मी म्हणाले, बरोबर केलंस, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. त्यानं मोठा श्वास घेतला, इतका मोठा, की मला वाटलं आता रडेल. पण तो रडला नाही. माझ्याकडे बघितलं. त्याच्या बापानं, आजानंही आपल्याकडे असं कधी बघितलं नसेल. म्हणाला, "म्हणजे कॉपल दरवर्षी माझ्या हातावर हात मारायचा, ते नाटक?" मी म्हणाले, नाटक. "आणि तुमचा देव ते बघत बसायचा?" त्यानं किल्ली माझ्या हातात दिली नाही, विहिरीच्या काठावर ठेवली. त्यांच्या दारात उर्सल उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिला सगळं कळलंही होतं, मेंडल काय म्हणाला ते आणि मी काय केलं ते.

आता कोठाराचं. ते आपलंच होतं असं मी माझ्या तोंडानं सांगितलं. म्हणजे वल्हांडणभर माझ्या घरात खमीर होतं, आणि असं खमीर यहुद्याला पुढे कधीच चालत नाही. खाता येत नाही, विकता येत नाही, कुणाला देऊन त्याचे आभारही घेता येत नाहीत. म्हणून मी दार सताड उघडं टाकलं आणि मागे गाईपाशी जाऊन बसले. कोण आलं, कुणी किती नेलं, बघितलं नाही. डॉर्नचा आवाज ओळखू आला, बाकीचे हळू बोलत होते. अखेरीस केरसुणीचा आवाज आला, कुणीतरी जमीनसुद्धा झाडून नेली. लिनहार्ड आला नाही. उर्सल आली होती, हे मला त्यांच्या धुराड्यातल्या धुरावरून कळलं.

गावात आता एकच विषय आहे. डॉर्न म्हणतो, हे लोक आपल्या देवालाही फसवतात, मग आपल्याला सोडतील का? पोरंही ते म्हणायला शिकली आहेत. आणि सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाकावर मी बसले, तशा दोघी उठून पलीकडे गेल्या. मेंडलनं माझ्याकडे पाठ केली. मी त्याला वेड्यात काढलं, हे त्याला कळलंय. त्याचं खरं होतं आणि मी ते खोटं पाडलं. मेंडलला जाऊन खरं काय ते सांगावं असं रोज वाटतं, पण त्याच्या तोंडून ते डॉर्नकडे आणि डॉर्नकडून लिनहार्डकडे जायला वेळ लागायचा नाही. तेव्हा हे असंच राहणार. खमीर राखणारी फ्रोमेट. आपल्या आईवडिलांच्या नावालाही ते चिकटलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या शब्बाथला मात्र उर्सल आली. निखारे सारखे केले, चूल पेटवली. जाताना दाराशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल त्याला झोप लागली."

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लिनहार्डला तिकडच्या एका तळघरात पिंपं दुरुस्त करायचं काम मिळालंय, म्हणून तो येतो आहे. पण खरं तो तुझ्यासाठी येतो आहे. निघताना मला म्हणाला, "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही फ्रोमेट, पण हात कॉपलनं मारला होता. कॉपलला खोटं बोलता येत नाही. त्याच्या तोंडून एकदा ऐकतो आणि मग हा विषय सोडतो." तो तुझ्या दारात उभा राहील आणि विचारेल, ते माझं होतं का. तुझ्या मोठमोठ्या गुरूंच्या देखत विचारेल कदाचित. आणि तुला म्हणायचंय, नाही, कधीच नव्हतं, ते नाटक होतं. त्यानं तुझी काय अब्रू जाईल, तुला पंगतीत कुठे बसवतील, तुझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी हे काढेल, सगळं मला कळतंय, आणि तरी मी मागते आहे. तुला खोटं बोलायला सांगते आहे, असं तुला वाटेल. मलाही विहिरीवर तसंच वाटलं होतं, की मी त्याच्यासाठी खोटं बोलले. पण मग तो शुक्रवार आठवतो, ती खिडकीची फट, आणि मला वाटलेलं बरं. आणि मग मला कळत नाही, की मी खोटं बोलले की आयुष्यात पहिल्यांदा खरं. म्हणून लिनहार्ड यायच्या आत तू एकटा बस आणि स्वतःला विचार, त्याच्या हातावर हात मारून आपण हसत होतो तेव्हा, एकदा तरी, ते धान्य त्याचं झालं असं तुला वाटलं होतं का? वाटलं असेल तर तू माझ्यापेक्षा चांगला, आणि मग तुला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. नसेल वाटलं, तर त्याला नुसतं खरं सांग.

तुझीच,
फ्रोमेट